फेरेटची मादी घरी आणण्याआधी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतली मुलं कधीतरी फेरेटसाठी हट्ट धरतात. मित्राच्या घरी पाहिलेला असतो. पाणमांजराच्या कुळातला, दिसायला थोडासा मुंगसासारखा, अतिशय खोडकर प्राणी. दिवसातले चौदा-पंधरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घेतो. मुलांचा हट्ट मला समजतो, मलाही हा प्राणी फार आवडतो. पण मादी आणणार असाल तर पैसे देण्याआधी एक गोष्ट ठरवा : वसंतात ती माजावर आली की तुम्ही काय करणार?

मी फेरेटांच्या आश्रयगृहात मदतीला जाते. तिथे चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारते, कारण तो कोणी आधी विचारलेला नसतो आणि त्यापायी माद्या मरतात.

गाय जेमतेम दिवसभर माजावर राहते, कुत्री दोन-तीन आठवडे. फेरेटच्या मादीचा माज आपणहून लवकर उतरत नाही. समागम झाल्याशिवाय तिचं बीजांड सुटतच नाही. मार्चच्या सुमारास दिवस मोठा होऊ लागला की ती माजावर येते आणि नर मिळाला नाही तर उन्हाळा संपेपर्यंत तशीच राहू शकते. तेवढे महिने तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढलेलं राहतं. ते हाडांतल्या मज्जेवर घाला घालतं, नवं रक्त तयार होणं थांबतं.

बाहेरून हे कसं दिसतं ते नीट लक्षात ठेवा. आधी शेपटीखालचा भाग सुजून टपोरा, ओलसर होतो. महिन्याभराने शेपटीच्या बुडाशी आणि कुशींवर केस विरळ होतात. मग ती कमी खेळते, मागचे पाय ओढत चालते. ओठ वर करून पाहिलं तर गुलाबी असायला हवी ती हिरडी कागदासारखी पांढरी असते, आणि पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसतात. इथवर आलेली मादी बहुतेकदा वाचत नाही. अशी मादी हातात घेऊन येणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. दर वसंतात पशुवैद्याकडून संप्रेरकाचं इंजेक्शन घेता येतं. कातडीखाली बसवायचं इम्प्लांट मिळतं, ते जास्त काळ टिकतं. नसबंदी केलेला नर सोबतीला ठेवला तर समागम होऊन माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. मात्र काही आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येऊ शकते. गर्भाशय-बीजकोश काढण्याची शस्त्रक्रियाही होते, पण फार लहान वयात ती केली तर पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आजार होण्याशी तिचा संबंध आढळला आहे. अमेरिकेतल्या दुकानांतली पिल्लं बहुतेक काही आठवड्यांची असतानाच शस्त्रक्रिया करून विकतात, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना माजाचा प्रश्न सहसा पडत नाही, पण शेपटीचे केस जाऊ लागले तर त्यांनी या आजाराची शंका घ्यावी.

आता नेहमी कानावर येणारं वाक्य : ‘एकदा पिल्लं होऊ द्या की!’ कृपा करून नको. गाभण काळ साधारण 42 दिवसांचा. सरासरी आठ पिल्लं, कधी डझनाच्या वर. पोटात एवढी पिल्लं असताना शेवटच्या आठवड्यात मादी काही तास उपाशी राहिली तरी तिच्या जिवावर बेतू शकतं. जन्मलेलं पिल्लू दहा-बारा ग्रॅमचं, डोळे मिटलेले, कान बंद. डोळे उघडायला महिना उलटतो. पहिल्या दिवसांत मुलं कौतुकाने पेटीत डोकावली तर बिथरलेली आई पिल्लं खाऊनही टाकू शकते. पुढे आठ आठवडे ती आईपाशीच हवीत आणि थोडी मोठी झाल्यापासून रोज माणसाच्या हातात यायला हवीत, नाहीतर चावरी निघतात. डोक्यावर पांढरा पट्टा असलेली पिल्लं लोकांना आवडतात म्हणून त्यांचीच जोडी लावतात, आणि त्यांत बहिरेपणा वारंवार येतो. जोडीची वंशावळ माहीत नसेल, आठही पिल्लांची घरं आधी ठरलेली नसतील आणि परत आलेलं पिल्लू ठेवून घ्यायची तयारी नसेल, तर जोडी लावू नये.

आपल्या घरांसाठी आणखी एक. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे. अन्न तीन-चार तासांत त्याच्या आतड्यातून पार होतं, त्यामुळे पोळी, भात, फळं, दूध त्याच्या कामाचं नाही. मनुके तर मुळीच देऊ नका. कच्चं मांस किंवा फेरेटसाठीचं मांसाचं खाद्य घरात आणणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी हा प्राणी आणू नये. यात कमीपणा काही नाही.

कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळजवळ नक्की मरतो, म्हणून लशीबद्दल पशुवैद्याला विचारा. आपला फ्लूही त्याला होतो. 1933 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाचा फ्लूचा विषाणू वेगळा केला तो फेरेटांच्याच मदतीने, आणि आजारी फेरेट तोंडावर शिंकल्यावर त्यांच्यातले विल्सन स्मिथ स्वतः फ्लूने पडले. घरात कोणी तापाने फणफणलं असेल तर त्याने फेरेटला हात लावू नये.

पुण्या-नागपुरात हौसेने फेरेट घेऊ पाहणाऱ्यांना मात्र मी सरळ नको म्हणते. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो; त्याला घाम येत नाही. नागपूरचा मे त्याच्यासाठी नाही. आणि कंटाळा आला म्हणून कुठेच मोकळा सोडू नका. न्यूझीलंडने सशांचा बंदोबस्त म्हणून 1880च्या दशकात फेरेट सोडले, त्यांनी तिथले जमिनीवर राहणारे पक्षी मारले, आणि 2002 पासून तिथे त्यांची विक्री व पैदास बंद आहे.

घ्यायचाच असेल तर आश्रयगृहातून शस्त्रक्रिया झालेली मोठ्या वयाची जोडी घ्या. एकटा फेरेट सहसा रमत नाही. मादी आधीच घरात असेल तर आज संध्याकाळी तिला उचलून शेपटीखाली पाहा. सूज दिसली तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात पशुवैद्याची वेळ घ्या.