टाका कोणाचा?

१/ वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. याच ठिकाणी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या निमित्ताने एक मत मांडतो. बंजारा भरतकाम हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. ते करणाऱ्या स्त्रीचे नाव शोधल्यावाचून त्याची नोंद पूर्ण मानू नये.

२/ दस्तऐवज कसा? फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी. त्यांवर आरसे, मणी, नाणी आणि कवड्या असतात. वऱ्हाडाला समुद्र नाही. मग कवडी आली कोठून? मालदीवच्या कवड्या शतकानुशतके बंगालात येत आणि तेथे चलन म्हणून चालत. समुद्राची ही खूण तांड्यातील वस्त्रावर टाकली गेली, यातच व्यापाराचा नकाशा दडला आहे.

३/ त्या व्यापाराचे वाहक बंजारेच होते. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने धान्य आणि मीठ वाहणाऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे.

४/ नाण्यांबाबत मात्र सावध राहावे. चोळीवरील रुपयावर १९०७ साल असेल, तर चोळी १९०७ची ठरत नाही. ते नाणे त्यापूर्वी टाकलेले नाही, एवढेच सिद्ध होते. जुनी नाणी नव्या वस्त्रावरही टाकली जातात. अशा वेळी कोणी, केव्हा, कोणाच्या लग्नासाठी शिवले, हे सांगणारी स्मृती नाण्याहून अधिक बोलते.

५/ एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि बैलांचा व्यापार मोडला. त्यातच १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. देशाच्या काही भागांत बंजारेही त्याच्या कक्षेत आले. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांची नावे सरकारी नोंदवहीत लिहिली जात.

६/ संशयासाठी नावे लिहिली गेली, कलेसाठी नाहीत. संग्रहालयांत आणि बाजारात मात्र तेच काम बहुधा ‘बंजारा वस्त्र’ एवढ्याच ओळखीने वावरते. माझा आक्षेप येथे आहे.

७/ सातासमुद्रापलीकडे हेच घडले. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील लाकोटा, शायान, कायोवा स्त्रिया व्हेनिस-बोहेमियाच्या काचमण्यांनी पाठीवर वाहावयाचे पाळणे मढवीत. अपाची पाळण्याची चौकट लाकडी, डोईवर पट्ट्यांचे छत. मुलींच्या बाहुल्यांसाठी तशाच घडणीचे इवले पाळणेही होत. गवे संपले, लोक राखीव क्षेत्रांत कोंडले गेले. तरी मणीकाम बहरले. संग्रहालयांत मात्र अशा कितीतरी वस्तूंवर केवळ जमातीचे नाव उरले.

८/ पण तेथे एक वेगळा प्रयत्नही झाला. ब्राउन विद्यापीठाच्या हॅफनरेफर संग्रहालयाने कायोवा आणि कोमँची पाळण्यांचे प्रदर्शन आणि ग्रंथ सिद्ध करताना वंशजांना सोबत घेतले. नातवंडांनी आपल्या आज्या-पणज्यांविषयी सांगितले आणि पाळण्यांना करणाऱ्या हातांची नावे मिळाली.

९/ कोणी म्हणेल, ही सामूहिक कला. एका व्यक्तीचे नाव कशाला? नक्षी समाजाची असते, हे खरे. पण ओवीही समाजाचीच असते. तरी ती म्हणणाऱ्या बाईचे नाव संकलक लिहितोच. भरतकामाला तोच न्याय का नसावा?

१०/ घाई करण्याचे कारण आहे. जुन्या घागऱ्यांचे तुकडे कापून त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात आणि परदेशात विकले जातात. तुकडा उरतो, वस्त्र मरते. ज्या वृद्धा आजही हा वेश लेतात, त्यांची पिढी मावळत आहे.

११/ म्हणून मित्रहो, मानोरा, दिग्रस, पुसद या परिसरात तुमची आजी असेल, तर तिची पेटी उघडा. वस्त्राचे छायाचित्र सुलट बाजूने घ्या आणि उलट बाजूनेही. टाक्याची रीत मागूनच कळते. मग चार गोष्टी लिहा: शिवणारीचे नाव, तांडा, प्रसंग, आणि टाक्याचे गोरबोलीतील नाव. आजीच्या संमतीने ती नोंद संग्रहालयाकडे पोहोचवा. जे नाव आज विचारले जाणार नाही, ते उद्या सांगणारे कोणी नसेल.