देखभाल कोणाच्या नावावर?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने साऱ्या संगणकविश्वाला सावध केले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा गोष्टीने तो अस्वस्थ झाला होता. शोध घेता घेता त्याला आढळले की, माहिती दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या एका साध्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. हे सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य संगणकांत असते, आणि वर्षानुवर्षे ते एकच माणूस फावल्या वेळात, विनावेतन सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला की काम फार मंद चालले आहे, ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. आपण थकलो आहोत, आपली मनःस्थिती ठीक नाही, हे त्याने सांगून पाहिले. याच सुमारास ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेली व्यक्ती मदतीचा हात पुढे करून आली. दोन वर्षांहून अधिक काळ तिने चोख काम केले, विश्वास संपादन केला आणि मगच घात केला.

चोरीच्या या कौशल्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण ज्या व्यवस्थेवर अब्जावधींचे व्यवहार उभे आहेत, तिचा एक खांब एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर का होता, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि समाजवाद्यांनी तो आपला मानावयास हवा. आमच्या वर्तुळात त्याची चर्चा झाल्याचे आमच्या कानावर नाही.

फ्रॉइंड ज्या प्रणालीवर चाचणी घेत होता तिचे नाव डेबियन. इयान मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली आहे. ती कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि वाटावी. उबुंटू तिच्यातूनच निघाली. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या ‘बॉस’ प्रणालीचा पायाही डेबियनचाच. यातील प्रत्येक उपयुक्त सॉफ्टवेअर एका गाठोड्यात बांधून दिलेले असते, त्याला पॅकेज म्हणतात. १९९६ मधील आवृत्तीत अशी ४७४ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या तेराव्या आवृत्तीत ती जवळजवळ सत्तर हजार आहेत. ती सांभाळणारे, पूर्ण अधिकार असलेले सदस्य मात्र साधारण एक हजार. त्यांच्याभोवती मर्यादित अधिकाराचे व अधिकाराविना काम करणारे आणखी कितीतरी. त्यांना डेबियन पगार देत नाही. मालक नाही, मुकादम नाही, हजेरीपट नाही.

मग हे चालते कसे? ‘सेवाभावाने’ असे उत्तर देऊन आपल्याकडे सारेच प्रश्न मिटवले जातात. सेवाभाव येथेही आहे, पण केवळ त्यावर तीस वर्षे काही टिकत नाही. आपल्या चळवळीतील किती संस्था नुसत्या सेवाभावावर उभ्या राहिल्या आणि संस्थापकाबरोबर आटोपल्या, हे आम्हांस ठाऊक आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज कोणाच्या तरी, एका व्यक्तीच्या किंवा गटाच्या, नावावर असते. त्या नावाला मेंटेनर म्हणतात. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती तपासून, प्रणालीच्या लिखित नियमांत बसवून, गाठोडे पुन्हा बांधणे हे त्याचे काम. वापरणाऱ्याला दोष आढळला तर तो चव्हाट्यावर नोंदवला जातो. १९९७ मध्ये सभासदांनी मान्य केलेल्या ‘सामाजिक करारा’तच आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही असे वचन आहे. (आपल्या सहकारी बँकांपैकी एकीने तरी असे वचन दिल्याचे आठवत नाही.)

नव्याने बांधलेले गाठोडे प्रथम ‘अस्थिर’ विभागात जाते. तेथे काही दिवस, निकडीनुसार सर्वसाधारणपणे दोन, पाच किंवा दहा, गंभीर नवा दोष न निघाल्यास ते ‘चाचणी’ विभागात सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी सारे गोठवून, दोष निपटून, ‘स्थिर’ आवृत्ती प्रसिद्ध होते. एक्सझेडचे विष पहिल्या दोन विभागांपर्यंत पोहोचले, स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचले नाही. संथपणा हा नेहमी नोकरशाहीचाच दोष असतो असे नाही.

आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळी आहे. मेंटेनर आजारी पडला, कंटाळला, संसारात गुंतला, तर काय? त्याने पॅकेज सोडत असल्याचे जाहीर करावे. यात कमीपणा मानला जात नाही. मग ते ‘बेवारस’ म्हणून नोंदले जाते, त्याची यादी सर्वांना दिसते, दरम्यान गुणवत्ता पाहणारा गट जुजबी काळजी घेतो आणि इच्छा असेल तो ते दत्तक घेतो. मेंटेनर न सांगता गप्प झाला तर दुसरा सभासद पूर्वसूचना देऊन त्याच्या पॅकेजमधील गंभीर दोष दुरुस्त करू शकतो. म्हणजे हक्क आहे, पण मक्ता नाही. डोंबिवलीतील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा आठवावी. चिटणीसपद घेण्यास कोणी तयार नसतो. एकदा घेतलेला वीस वर्षे सोडत नाही. आणि त्याच्या मागे पाण्याच्या टाकीची किल्ली कोठे ठेवली आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

१९९८ मध्ये या मंडळींनी आपली घटनाही लिहिली. प्रकल्पाचा नेता दरवर्षी सभासदांच्या मतांनी निवडला जातो, मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, आणि नेत्याचा निर्णय सभासद ठरावाने फिरवू शकतात. त्या घटनेत एक कलम असे आहे की, कोणावरही काम करण्याचे बंधन नाही. मात्र नियमांनुसार झालेल्या निर्णयांच्या विरोधात कोणी सक्रिय काम करू नये. सक्ती नसलेल्या श्रमाला शिस्त कशी लावावी, या जुन्या समाजवादी कोड्यावर इतके अल्पाक्षरी उत्तर आमच्या वाचनात नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात १९६८ पासून गॅरेट हार्डिनचा निबंध शिकवला गेला: सामायिक कुरण शेवटी उजाड होते, म्हणून ते खाजगी मालकीकडे तरी द्यावे, नाहीतर सरकारकडे. आम्हीही तो शिकवला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरच्या सामायिक पाणी, रान व मासेमारीच्या व्यवस्था तपासून दाखवले की, नियम वापरणाऱ्यांनीच केले, देखरेख त्यांच्यातल्यांनीच केली, तर कुरण टिकते. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. खरे म्हणजे धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नव्हते. पांझरेवरच्या बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा, हे ठरलेले असे आणि ते सोडणारा पाटकरी नेमलेला असे. पाणी सर्वांचे, पण पाटाची जबाबदारी नावानिशी. सॉफ्टवेअर वापरल्याने झिजत नाही, हे कुरणाहून वेगळेपण खरे. झिजतो तो सांभाळणारा माणूस.

आणि येथेच भांडवलाचा प्रवेश होतो. इंटरनेटवर सेवा देणाऱ्या संगणकांपैकी बहुसंख्य आज लिनक्सवर चालतात. वागळे इस्टेटमध्ये जेथे कारखाने होते तेथे आता सॉफ्टवेअरची कार्यालये आहेत. सकाळच्या गाडीने डोंबिवली-कल्याणहून ऐरोली-महापेकडे लोंबकळत जाणारी हजारो मुले ज्या साधनांवर काम करतात त्यांतील कितीतरी अशा विनावेतन श्रमातून आलेली आहेत. कंपनी मुलांना वेतन देते, जागेचे भाडे देते, विजेचे बिल भरते. या एका कच्च्या मालाचे मोल शून्य धरले जाते. काही मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना अशा कामासाठी वेळ देतात हे नाकारता येत नाही (फ्रॉइंड स्वतः मायक्रोसॉफ्टचा नोकर आहे), परंतु तो वेळ कंपनीच्या गरजेच्या पॅकेजवर पडतो; एक्सझेडसारखी कोपऱ्यातली पणती कोणाच्याच हिशेबात नसते.

तर मग सर्वांना पगार द्या, असे म्हणून मोकळे होता येईल काय? डेबियनचा अनुभव सावध करतो. २००६ मध्ये आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून दोघा व्यवस्थापकांना काही काळ पैसे देण्याचा प्रयोग झाला. इतरांनी विचारले, त्यांना का आणि आम्हांला का नाही? काहींनी हात आखडता घेतला, आणि डिसेंबरात अपेक्षित असलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयी हेच सांगितले होते की, दानाच्या जागी बाजार आणला की दान आटते. पुढे २०१४ पासून वेगळी वाट निघाली. जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षेचे कंटाळवाणे काम, जे स्वेच्छेने फारसे कोणी करत नाही, त्यासाठी अनेक संस्था वर्गणी काढतात आणि तासांच्या हिशेबाने मोबदला देतात. निर्णयाचा अधिकार मात्र सभासदांकडेच राहतो. ही तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटते, जरी तीत वर्गणी न भरणारे मोठे ग्राहक फुकटे राहतातच.

आता आपल्या दाराशी येऊ. या शतकाच्या आरंभी कल्याण-डोंबिवली महापालिकेने कारभाराचे संगणकीकरण केले आणि राज्यातील इतर शहरांपुढे तो नमुना ठेवला गेला. दाखले व करभरणा सुलभ झाला, याचे श्रेय द्यावयास हवे. पण लोकांच्या पैशाने घडलेल्या प्रणालीची मूळ संहिता लोकांची असावी, ही मागणी त्या वेळी आम्ही केली नाही. पाणीपुरवठा खाजगी करावयास निघाले असते तर आम्ही मोर्चा काढला असता. ज्या कल्याणात १८६४ मध्ये आणि ज्या ठाण्यात १८९३ मध्ये नागरिकांनी सार्वजनिक ग्रंथालये उभी केली, तेथे ज्ञानाची सामायिक मालकी ही कल्पना परकी नव्हती. आम्ही फक्त ती पुस्तकांच्या कपाटापाशी थांबवली.

मराठीपुरते पाहिले तर २००९ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीपासून डेबियन मराठीतून बसवता येऊ लागली. पडद्यावर देवनागरी दाखवणारे फॉन्टही तिच्यात पॅकेज म्हणूनच राहतात आणि तेही कोणाच्या तरी नावावर आहेत. ते नाव उद्या यादीतून गळाले तर बाजार धावून येणार नाही. मराठीत त्याला तेवढा नफा दिसत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद प्रथमच भारतात, कोचीला भरली. केरळने शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर रुजवण्याचे धोरण सरकारी पातळीवर राबवले, त्या भूमीत ती भरावी हे योग्यच झाले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांनी, सहकारी बँकांनी आपापल्या संगणकांत कोणती मुक्त पॅकेजे आहेत याची यादी प्रसिद्ध करावी, आणि संगणकावरील वार्षिक खर्चातील एक ठरावीक हिस्सा त्यांच्या देखभालीसाठी वेगळा काढावा, अशी मागणी आमच्या नगरसेवकांनी पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी मांडावी. कर्मचारी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात महिन्याचे काही पगारी तास या कामासाठी मागावेत. सेवा दलाच्या शिबिरांत आपण पूर्वी रस्ते बांधले, विहिरी उपसल्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आपल्या तरुण मित्रांनी येत्या उन्हाळ्यात बेवारस पॅकेजांची ती यादी उघडावी आणि झेपेल ते एकच पॅकेज, दोघातिघांच्या नावावर, घ्यावे. एकाच्या नावावर नको.