कुलूपबंद इंजिन आणि त्याचा मालक

गाडी तीच, इंजिन तेच, एकही सुटा भाग बदलावयाचा नाही. केवळ इंजिनावर हुकमत चालविणाऱ्या संगणकातील कोष्टके बदलून दिली की शंभर अश्वशक्तीची गाडी सव्वाशेची होते, अशा आशयाच्या जाहिराती हल्ली आमच्या बऱ्याच बागाईतदार बंधूंच्या पाहण्यात येतात. या धंद्यास रिमॅपिंग म्हणतात. त्यात खरे किती व फुगवून सांगितलेले किती, आणि हा प्रकार बंद व्हावा म्हणून कारखानदारांनी संगणकास जे कुलूप घातले आहे ते कोणाच्या हिताचे, याचा विचार आता शेतकऱ्याने करणे जरूर झाले आहे. कारण काल जे कुलूप हौशी लोकांच्या मोटारीस होते, तेच आज ट्रॅक्टरास येऊन पोहोचले आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की जाहिरात निव्वळ थाप नव्हे. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारे चक्र. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा अधिक मिळाली की डिझेल अधिक जाळता येते, व ताकद वाढते. ज्या इंजिनास टर्बो नाही, तेथे हवा ठरलेलीच असल्यामुळे कोष्टके बदलून फारसे काही हाती लागत नाही. टर्बोच्या इंजिनात मात्र हवेचा दाब व डिझेलचे माप ही दोन्ही संगणकाच्या स्वाधीन असतात. म्हणून तेथे वीस-पंचवीस टक्क्यांची वाढ खरोखर निघू शकते.

मग कारखानदाराने ही ताकद हातची का राखली? तो एकच गाडी लडाखच्या थंडीत आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात विकतो. भेसळीचे डिझेल, तुंबलेली हवेची जाळी, वेळेवर तेल न बदलणारा मालक, या सर्वांस पुरून उरेल इतकी सवड त्याला ठेवावी लागते. क्लच व गिअर यांच्या सोसण्यासही सीमा असते, आणि धुराचे कायदे आहेतच. यात विक्रीची हिकमतही असते, हे आम्ही नाकारीत नाही; पण प्रत्येक फरक हिकमतीचाच असतो असे समजू नये. रांजणगावच्या कारखान्यात २०२० पर्यंत तयार होत असलेले १२४८ घनसेंटिमीटरचे इटालियन घराण्याचे डिझेल इंजिन पुष्कळांच्या माहितीचे आहे. ते काही गाड्यांत ७५ अश्वशक्तीचे तर काहींत ९० चे म्हणून मिळे, आणि हा फरक केवळ संगणकातील आकड्यांचा आहे असे गॅरेजांतून छातीठोकपणे सांगत. वस्तुतः ९० च्या इंजिनास टर्बोच निराळा होता. त्याची पाती गरजेप्रमाणे कोन बदलीत. नुसते आकडे बदलून ७५ च्या इंजिनाकडून ९० चे काम घेणारा मनुष्य लहान टर्बोस मोठ्या टर्बोचे काम करावयास लावीत होता.

आमच्या जुन्या वाचकांस हा मोह नवा नाही. पूर्वी डिझेल पंपाच्या स्क्रूवर तार व शिशाचे सील असे. सील तोडून स्क्रू थोडा आत फिरविला की ट्रॅक्टर चिखलातून ट्रॉली ओढून काढी, आणि सायलेन्सरातून काजळीचा लोट निघे. मात्र ते तुटलेले सील कोणासही दिसे. संगणकातील फेरफार डोळ्यांस दिसत नाही, हाच काय तो भेद.

यापुढील गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोटारीस पूर्ण ताकद लागते ती पुढच्या गाडीस मागे टाकताना वा घाट चढताना, आणि तीही थोडा वेळ. वाढविलेल्या ताकदीची उष्णता साठण्यापूर्वीच पाय सैल होतो. म्हणून वाढविलेल्या मोटारी वर्षानुवर्षे चालल्याची उदाहरणे खोटी नाहीत. रोटाव्हेटर लावलेला किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर याच्या अगदी उलट वागतो. तो तासचे तास भरल्या ओझ्याखाली चालतो. जास्त जाळलेल्या डिझेलची उष्णता प्रथम पिस्टनच्या माथ्यावर व टर्बोच्या चक्रावर येते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळते. पिस्टनची मिश्र धातू त्याहून कमी उष्णतेसच मऊ पडू लागते. मोटारीवर यशस्वी झालेली युक्ती म्हणून तीच ट्रॅक्टरावर लावून देणारा मनुष्य एक तर अडाणी आहे किंवा त्यास पुढच्या हंगामाशी कर्तव्य नाही. आमच्या एका शेजाऱ्याच्या चिरंजीवाने जीपवर हा प्रयोग केला. वर्षाच्या आत क्लच गेला, आणि हमीची मागणी करता संगणकातील नोंदी पुढे करून कंपनीने हात वर केले. जीप होती म्हणून क्लचवर निभावले.

आता कुलुपाकडे वळू. पूर्वी बऱ्याच संगणकांतील कोष्टके गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधूनच वाचता व बदलता येत. पुढे कारखानदारांनी लिखाणास गुप्त मोहोर लावण्यास आरंभ केला. मोहोर जुळली नाही तर पेटी नवे लिखाण स्वीकारीतच नाही. तेव्हा हे धंदेवाले पेटी गाडीतून काढून, झाकण उघडून, आतील तबकडीवर तारा टेकवून काम करू लागले. बीएमडब्ल्यू कंपनीने २०२० च्या मध्यापासून बनविलेल्या गाड्यांच्या पेट्या याहून पक्क्या बंद केल्या. तर मालकांनी त्या काढून थेट फिनलंडास पाठविल्या व उघडून परत आणविल्या. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा व रिकामा वेळ आहे त्यास कुलूप अडवीत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे मागील सुमारे दहा वर्षांत तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल गाड्यांची धूर रोखणारी साधने काढून वा बंद करून टाकण्यात आली होती. धुराच्या रक्षणासाठी कुलूप, या युक्तिवादाची ही अवस्था.

शिवाय कुलुपाआड काय चालते तेही पाहिले पाहिजे. फोक्सवागन कंपनीची लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आली. सरकारी चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवावयाचा व रस्त्यावर सोडून द्यावयाचा, अशी योजना कारखान्यानेच पेटीत लिहून ठेविली होती. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती होती. आपल्या देशात कंपनीस त्या वर्षी ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर करावे लागले. हा प्रकार प्रथम सापडला तो रस्त्यावर गाड्या चालवून धूर मोजणाऱ्या अमेरिकन संशोधकांस. पेटी बंद असल्यामुळे मालकास आपलीच गाडी काय करते याचा सुगावा नव्हता.

आणि शेतकऱ्यास हे कुलूप भोवते ते ताकदीच्या पायी नव्हेच. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्यासरशी मोटारीतील उच्च दाबाची डिझेल-व्यवस्था व संगणक त्यांतही आला. या व्यवस्थेत प्रत्येक नोझलवर एक संकेत कोरलेला असतो. नोझल बदलली की तो संकेत संगणकास कळवावा लागतो. त्याशिवाय डिझेलचे माप नीट पडत नाही. गेल्या साली कांदा काढणीस आलेला असताना आमच्याच घरी असा प्रसंग आला. मिस्त्रीने दोन तासांत नोझल बसविली आणि म्हणाला, "अण्णा, माझे काम झाले, पण पेटी माझे ऐकत नाही." विक्रेत्याचा माणूस आपले यंत्र घेऊन चौथ्या दिवशी आला व दहा मिनिटांत परत गेला. त्या दहा मिनिटांचे बिल येथे सांगत नाही. चार दिवसांच्या मजुरीपुढे ते किरकोळच होते.

आमचे म्हणणे एवढेच की एकाच कुलुपाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी कोंडल्या आहेत. दोष शोधणे, बदललेल्या भागाचा संकेत भरणे, चूक पुसणे ही दुरुस्ती होय. तिची किल्ली मालकास व त्याच्या मिस्त्रीस वाजवी दराने मिळालीच पाहिजे. ताकद वाढविणे व धुराची गाळणी बंद करणे ही निराळी गोष्ट आहे. तिच्यासाठी आम्ही किल्ली मागत नाही. हा भेद कल्पनेतला नव्हे. अमेरिकेत २०१५ साली ग्रंथालयाधिपतींनी दुरुस्तीसाठी व कायदेशीर फेरफारासाठी ट्रॅक्टराचे कुलूप उघडण्यास मोकळीक दिली. तत्पूर्वी जॉन डिअर कंपनीने असे प्रतिपादन केले होते की, संगणकातील लिखाणापुरता शेतकऱ्यास केवळ वापरण्याचा परवाना असतो. त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेतकरी महासंघाशी करार करून दुरुस्तीची साधने देण्याचे मान्य केले, आणि ताकद व धुराची साधने यांस हात लावू नये ही अटही त्याच करारात घातली. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदाच केला.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांस नाकारल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांस २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तीत शेतीयंत्रांचा उल्लेख प्रारंभीच आहे. उलटपक्षी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या दाखल्याशी विसंगत असा बदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलास मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेविली आहे. रिमॅपिंग करून देणारा हे सांगत नाही. आमच्यापैकी जे ताकदीच्या नादी लागतात, ते कारखानदाराच्या हाती आयते कोलीत देतात. दुरुस्तीची किल्ली मागावयास गेलो की तो त्यांच्याकडे बोट दाखवितो.

पुढील हंगामासाठी ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्यास लेखी विचारावे: नोझलचा संकेत बाहेरच्या मिस्त्रीस भरता येईल काय, तपासणीचे यंत्र विकत मिळते काय व किती किंमतीस, आणि हंगामात माणूस किती तासांत येईल. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवावी. विक्रेत्याचे नाव गाळून ती या मासिकात छापू.