बिल बाकी असताना तोंड कोण उघडणार?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया वीक’ झाला. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ तिथेच भरले. मे 2020 मध्ये हजारावर खाटांचे कोविड केंद्र उभे राहिले, तेही त्याच मैदानावर. पहिल्या दोन वेळी उद्घाटनाला पंतप्रधान आले होते. तिन्ही वेळी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोहोचले ते मात्र एकाच धंद्यातले लोक. ट्रस चढवणारे, प्लाय कापणारे, कार्पेट अंथरणारे, वायरमन आणि रंगारी.

आमच्या मोहल्ल्यातले एक सुतार चाचा या तीनपैकी दोन कामांवर होते. पंचवीस वर्षांपासून ते प्रदर्शनांचे स्टॉल उभारतात. त्यांच्या बोलण्यात महिने नसतात, ‘शो’ असतात. मुलीचा निकाह कोणत्या शोनंतर झाला, अब्बा कोणत्या शोच्या आधी गेले, असा त्यांचा हिशेब चालतो. सकाळी दहाला उद्घाटन असेल तर पहाटे सहापर्यंत रंग मारायचा. एकदा रंग ओलाच राहिला होता, म्हणून मंत्र्यांनी भिंतीला हात लावू नये यासाठी ऐनवेळी पितळी खांब आणि लाल दोरी लावली. फोटोत ती दोरी फार रुबाबदार दिसते, असे चाचा हसत सांगतात.

या धंद्याला आता ‘उद्योग’ म्हणतात आणि सरकारदरबारी त्याची दखलही घेतली जाते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2022 मध्ये परिषदा आणि प्रदर्शनांसाठी राष्ट्रीय धोरणाचा आराखडा आणला. दिल्लीत जुलै 2023 मध्ये सुमारे 2,700 कोटींचे भारत मंडपम उघडले आणि सप्टेंबरमध्ये यशोभूमी. कोविडच्या काळातली एक गोष्ट तर मला खरोखर महत्त्वाची वाटते. सुरुवातीला व्यापारी प्रदर्शन, लग्न आणि यात्रा हे सगळे ‘गर्दी’ या एकाच शब्दात कोंबले गेले होते. नंतर केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने 15 ऑक्टोबर 2020 पासून व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी भरवलेल्या प्रदर्शनांना वेगळी परवानगी मिळाली. नोंदणी करून येणारा खरेदीदार आणि जत्रेतली गर्दी यात फरक आहे, हे सरकारला पटले. उद्योगाच्या संघटना तोवर सतत हेच सांगत होत्या. म्हणजे धोरण ठरवणारे ऐकतच नाहीत, असे म्हणता येणार नाही.

प्रश्न आहे तो त्यांच्याशी काय बोलले जाते आणि काय बोलता येत नाही याचा.

या उद्योगाच्या समोर सरकार एकाच वेळी किती टोप्या घालून उभे असते, ते पाहा. परवानगी देणारे सरकार. दिल्लीत प्रगती मैदानासारख्या जागेचे मालक सरकार. कर घेणारे सरकार. मोठ्या गिऱ्हाइकांतले एक म्हणजेही सरकारच, कारण गुंतवणूक परिषदा, महोत्सव, भूमिपूजने आणि लोकार्पणे हा वर्षभर चालणारा धंदा झाला आहे. 2016 च्या त्या सप्ताहात गिरगाव चौपाटीवर ‘महाराष्ट्र नाइट’ भरवायला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परवानगी घेऊन आले. 14 फेब्रुवारीच्या रात्री त्याच मंचाला आग लागली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण त्या रात्री आयोजक कोण होते आणि आयोजकावर नजर ठेवायची कोणी, याचे उत्तर एकच होते.

आता व्यवहार समजून घ्या. सरकारी खाते मोठ्या इव्हेंट कंपनीला काम देते. ती फॅब्रिकेटरला देते, फॅब्रिकेटर पोटठेकेदाराला आणि पोटठेकेदार चाचांसारख्या मिस्त्रीला. चाचा आपल्या चार माणसांना स्वतःच्या खिशातून उचल देतात. खात्याकडून पैसे यायला उशीर झाला की प्रत्येक पायरीवर एकच वाक्य ऐकू येते : वरून आले नाही. बिल फाडले की साधारणपणे पुढच्या महिन्यात 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, मग पैसे हातात पडलेले असोत वा नसोत. म्हणजे न आलेल्या पैशावरचा कर छोटा फॅब्रिकेटर व्याजाने पैसे काढून भरतो, आणि तो ज्याला भरतो त्याच्याकडूनच त्याचे येणे असते.

यावर कायदा नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. त्याला दात यावेत म्हणून आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम जोडले : मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. खासगी कंपन्यांची त्याने धावपळ झाली. पण जे सरकारी खाते आयकरच भरत नाही, त्याला वजावट गेल्याचे काय सोयरसुतक? आणि मुळात चाचांकडे उद्यम नोंदणीच नाही, लेखी ऑर्डर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नकाशा आणि ‘भाई, परसों लग जाओ’, एवढाच त्यांचा करारनामा.

संघटनांनी हे विषय धोरणकर्त्यांपुढे मांडावेत, हे म्हणणे सोपे आहे. मी एका लहान फॅब्रिकेटरला विचारले की मंत्री तुमच्या कार्यक्रमाला येतात, तेव्हा थकबाकीचे का काढत नाही? तो म्हणाला, “साहेब, बिल बाकी असताना तोंड कोण उघडणार? पुढचे कामही त्यांचेच आहे.” मला हा माणूस भित्रा वाटत नाही. त्याच्या जागी मीही गप्प बसलो असतो. म्हणून मग निवेदनात नव्या सभागृहाची, विमानतळाजवळच्या हॉटेलांची, परदेशी पाहुण्यांच्या व्हिसाची मागणी असते. त्या मागण्या चुकीच्या नाहीत. त्या मान्य करताना फक्त कोणाची अडचण होत नाही.

मजुरांची गोष्ट तर याहून पुढची. महाराष्ट्रात बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. स्टॉल उभारणारा सुतार त्या व्याख्येत बसतो की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवू. चार दिवस एका ठेकेदाराकडे, तीन दिवस दुसऱ्याकडे, पाच दिवस हैदराबादला, असे 150 दिवस काम करणाऱ्याला 90 दिवसांचा कागद देणार कोण? ज्या सरकारने ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’मध्ये 4,106 सामंजस्य करार, 12.10 लाख कोटींची गुंतवणूक आणि 36.77 लाख रोजगारांचे आकडे जाहीर केले, त्याला तो मांडव उभारणाऱ्यांची हजेरी ठेवणे अवघड नव्हते. सरकारी कार्यक्रमाच्या निविदेत एक अट पुरेशी आहे : कामावरच्या प्रत्येक माणसाचे नाव, दिवस आणि मजुरी यांची नोंद जोडल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही, आणि ती नोंद मजुराला कागदावर मिळेल.

डिसेंबर 2022 मध्ये जी-20 चे पाहुणे मुंबईत आले, तेव्हा काही झोपडपट्ट्यांसमोर पडदे लावल्याची छायाचित्रे छापून आली. ते पडदे बांधणारे हात पडद्याच्या कोणत्या बाजूला राहतात, हे मी सांगायला नको.

थोडे आपल्याबद्दलही. माझ्या पाहण्यातले या धंद्यातले पुष्कळ सुतार आणि रंगारी मुसलमान आहेत. कोणी सहारनपूरकडचे, कोणी आपल्या कोकणातले. आपल्या समाजाचे बिझनेस एक्स्पोही आता भरतात, त्यांना आमदार-खासदार येतात, शालश्रीफळ होते, ‘समाजाला उद्योगात वाटा द्या’ अशी भाषणे होतात. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, हे जुम्म्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकले असेल? तरी अशाच एका एक्स्पोचे पैसे चाचांना सात महिन्यांनी मिळाले. आयोजक ओळखीचे होते, नमाजी होते. वरून आले नाही, असे तेही म्हणाले. त्या एक्स्पोच्या मंचावरून आमदारांना दिलेले निवेदन मी वाचले. त्यात कर्जाची हमी होती, औद्योगिक भूखंड होते. मजुरांच्या हजेरीबद्दल एक ओळ नव्हती, आणि ती घालायला तर कोणाचे बिल अडकणार नव्हते.

चाचांकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे. तीत शोचे नाव, दिवस, माणसे आणि येणे लिहिलेले असते. पैसे मिळाले की ओळीवर आडवी रेघ मारतात. मी परवा ती चाळली. मागच्या हंगामातल्या अकरा ओळींपैकी चारांवर रेघ नव्हती, त्यांतल्या दोन सरकारी कार्यक्रमांच्या होत्या. पुढच्या पानावर या हंगामातल्या पहिल्या शोचे नाव लिहून झाले होते.