चिखलदरा कुठे पळून जातोय?

शनिवारी चिखलदऱ्याचा प्लॅन ठरला आणि अडला. मोत्याचं काय? वय 13, मागच्या पायांत जोर नाही, घाटाची वळणं झेपणार नाहीत. म्हटलं, अकोल्याला आईकडे ठेवू. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा 44-45 वर. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो नुसता धापा टाकतो. त्यात पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आजी म्हातारी झाली की तिला कुठे ठेवायचं?" बोला आता!

रविवारी पहाटेच अमरावतीच्या छत्री तलावावर गेलो. मोत्या दहा पावलं चालून बसला. पोट्टेही शेजारी बसले. माझं मत विचाराल तर, म्हाताऱ्यांना सांभाळणं पोरं आपल्या भाषणांतून नाही, अशा रद्द झालेल्या सहलींतूनच शिकतात.