कार्य सिद्धीस नेताना

आपल्याकडील लग्नपत्रिकेत कार्य सिद्धीस नेण्याचे सामर्थ्य श्रींच्या ठायी मानण्याची चाल आहे. तरीही कोठीघराच्या किल्ल्या घरातील एखाद्या जाणत्या काकूंच्या कमरेला असतात, आचाऱ्याशी बोलणी एकच माणूस करतो आणि मुहूर्ताची घटिका लहानथोर सर्वांना पाठ असते. ज्या शास्त्राला आज प्रकल्प-व्यवस्थापन म्हणतात, त्याची बीजे या कार्यघरात आहेत. पुष्कळ मराठी घरांतील मुले-मुली आज पुणे, बंगळूर वा हैदराबादेत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करतात, आणि चिरंजीव नेमके करतात तरी काय, हा प्रश्न आईवडिलांच्या मनात राहतोच. त्यांच्यासाठी या शास्त्राची तोंडओळख करून देण्याचे आम्ही या महिन्यात योजिले आहे.

प्रथम व्याख्या. ज्या कामाला निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट आहे, आणि जे पूर्वी तंतोतंत तसे कधी झालेले नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. रोज गाड्या चालविणे हा प्रकल्प नव्हे, तो नित्यक्रम होय. नवा लोहमार्ग घालणे हा मात्र प्रकल्प. नित्यक्रमात कालचा अनुभव आज जसाच्या तसा उपयोगी पडतो. प्रकल्पात तो अर्धाच पडतो, म्हणून आधी विचार अधिक करावा लागतो.

या विचाराचे तीन खांब आहेत : व्याप्ती, मुदत आणि खर्च. काय करावयाचे, केव्हापर्यंत आणि किती पैशांत, असे हे तीन प्रश्न. यांपैकी एकाला हात लावला की उरलेले दोन हलतात. व्याप्ती वाढवून मुदत तीच ठेवली, तर खर्च वाढतो. आणि खर्चही वाढू द्यावयाचा नसेल, तर कामाचा दर्जा खालावतो. काय करावयाचे हे जसे लिहून ठेवतात, तसेच काय करावयाचे नाही हेही लिहून ठेवावे, असा या शास्त्राचा आग्रह आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांना सांधणारी कोकण रेल्वे आपल्यापुढेच आहे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्या मार्गासाठी वाणी झिजविली, त्याला खरी गती आली ती जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर अंतर, मध्ये सह्याद्रीचे फाटे, खाड्या, नद्या आणि कोकणचा पाऊस. नव्वदांहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधावयाचे होते. मुदत धरली होती सुमारे पाच वर्षांची.

आता या कामातील भूमिका पाहू. पहिली भूमिका यजमानाची, म्हणजे इंग्रजीतील स्पॉन्सरची. तो स्वतः दगड उचलीत नाही. पण कार्य का करावयाचे ते ठरवितो, पैसा उभा करतो आणि वरची अडचण वरच निवारतो. येथे यजमान पाच होते. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा मुख्यतः रोखे काढून उभारला.

दुसरी भूमिका प्रकल्प-व्यवस्थापकाची. रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाचे अध्यक्षपद आणि व्यवस्थापकीय संचालकपद आले. त्यांनी संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग सुमारे शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. मोठ्या कामाचे असे तुकडे पाडणे आणि प्रत्येक तुकड्याला एकच उत्तरदायी नाव लावणे, हे या शास्त्राचे मर्म आहे. करणारे हात हजार असोत. जाब देणारा एक असावा.

तुकडे पाडले की त्यांचा क्रम लावावयाचा. अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने विसाव्या शतकाच्या आरंभी कामे आणि दिवस यांचे आडव्या पट्ट्यांचे जे कोष्टक रूढ केले, ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रिटिकल पाथ ही कल्पना आली. कामांची जी साखळी सर्वांत लांब, तिच्यावर प्रकल्पाची अखेर ठरते. त्या साखळीत एक दिवस गेला, तर सगळे कार्य एक दिवस पुढे जाते. अन्यत्र थोडी उसंत असते. लग्नात अक्षता आदल्या आठवड्यात कधीही रंगवाव्यात, परंतु चूल पेटल्याखेरीज पंगत बसत नाही, इतके हे सोपे आहे.

कोकण रेल्वेची ही लांब साखळी अखेरीस मऊ मातीच्या बोगद्यांतून गेली. कठीण कातळ यंत्रांनी फोडता आला. सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा झाला, पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला. परंतु काही ठिकाणी पाण्याने भिजलेली माती होती. खणावे तितकी ती पुन्हा खाली येई. पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांची परीक्षा पाहिली. तेथे हाताने, इंचाइंचाने खणावे लागले. उत्तरेकडून व दक्षिणेकडून मार्ग तयार होत आला, तरी अखंड गाडी या एका बोगद्यासाठी खोळंबली. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. या कामात अनेक श्रमिकांचे प्राण गेले. जोखीम हा शब्द कागदावर लिहिताना कोणाच्या जिवावरची जोखीम, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तिसरी भूमिका बहुधा विसरली जाते. ती हितसंबंधीयांची, म्हणजे ज्यांनी काम मागितले नाही, पण ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार आहे, अशांची. सुमारे त्रेचाळीस हजार जमीनधारकांशी महामंडळाला व्यवहार करावा लागला. गोव्यात मार्गाच्या आखणीविरुद्ध मोठे आंदोलन झाले. खाजन शेतीचे बांध फुटतील, दाट वस्तीची गावे दुभंगतील, जुन्या गोव्याच्या वारशाला बाध येईल, ही लोकांची भीती होती. १९९३ मध्ये गोव्यातील काही भागाचे काम थांबवून केंद्र सरकारने न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला. पुढे काम बहुतांशी आखलेल्या मार्गानेच झाले. आंदोलकांचे सारे म्हणणे बरोबर होते की नाही, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. मात्र ज्याच्या बांधावरून मार्ग जाणार, त्याचे म्हणणे नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी ऐकले, तर त्याला आदर मिळतो आणि कामालाही वेळ कमी लागतो. रेघ ओढून झाल्यावर ऐकले, तर तेच म्हणणे विरोध ठरते.

हे सारे आपल्या संस्थांना सांगण्याचे कारण आहे. परप्रांती वसलेल्या आपल्या मंडळांतून कामाची हौस उदंड असते. अमृतमहोत्सवाची स्मरणिका, वाचनालयाची ग्रंथसूची, सभागृहाचा वरचा मजला, सारे ठराव एकमताने होतात. नंतर समिती नेमली जाते, समितीत अकरा नावे असतात, आणि सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, असा अनुभव येतो. जुनी पुस्तके वाळवी खाते, ज्यांच्या आठवणी टिपून घ्यावयाच्या ती वृद्ध मंडळी एकेक करून निघून जातात, आणि स्मरणिकेचे काम चालू आहे असे अहवालात वर्षानुवर्षे छापले जाते. हे नुकसान पैशात मोजता येत नाही आणि पुढे भरूनही निघत नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच की, येत्या वार्षिक सभेत नवे काम हाती घेताना एका कागदावर सहा गोष्टी लिहाव्यात. काम कशासाठी, त्यात काय येते व काय येत नाही, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्चात, उत्तरदायी एक व्यक्ती कोण, आणि कोणाकोणाला आधी विचारावयाचे. त्याखाली, काय बिघडू शकेल याच्या चार ओळी. दरमहा तो कागद पुढे ठेवून बसावे. मध्येच कोणी नवी कल्पना आणली, तर तिने तारीख व खर्च किती हलतो ते पाहून मगच होकार द्यावा. काम संपले की हिशेब मांडावा, आभार मानावेत, आणि पुढची देखभाल कोण करणार त्याचे नाव त्याच सभेत इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.