तीन मॅचमध्ये निकाल

तर मंडळी, २९ मार्च २०२५, शनिवार. टीव्हीवर डॉजर्स विरुद्ध टायगर्स. रोकी सासाकी या तेवीस वर्षांच्या जपानी पिचरची लॉस एंजेलिसमधली पहिलीच मॅच. दुसरी इनिंग संपायच्या आत मॅनेजरने त्याला बाहेर काढलं. पठ्ठ्याने तेवढ्यात चार वॉक दिले होते. (ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी: चार चेंडू झोनबाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट. आपल्या वाइड बॉलचा मोठा भाऊ समजा.) डगआउटमध्ये त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसत होतं आणि कॅमेरा काही तिथून हलेना. सोफ्यावरून लगेच निकाल आला, "बस्ट आहे रे हा. जपानमध्ये चाललं, इथे नाही चालायचं."

निकाल देणारा मीच होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते मलाही लागू आहे हे लक्षात राहील.

आता माझा मुद्दा. रुकी पिचरला पहिल्या दोन महिन्यांच्या आकड्यांवरून मोडीत काढणं हे काही बेसबॉलचं ज्ञान नव्हे. तो शुद्ध आळस आहे. आकडा काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. आणि "का" विचारायला आम्हा फॅन लोकांना वेळ नसतो.

सासाकीचंच बघा. १० एप्रिल २०२२ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, याने जपानी लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस आउट, त्यातले १९ स्ट्राइकआउट. असा माणूस तीन वर्षांत पिचिंग विसरतो का? तिकडे साधारण आठवड्यातून एकदा पिचिंग करायची सवय, इकडे पाळी लवकर येते. इथला बॉल किंचित मोठा आणि जास्त गुळगुळीत. त्याच्या फास्टबॉलचा वेगही जपानपेक्षा कमी झालेला. फास्टबॉलची भीती उरली नाही की बॅटर शांतपणे उभा राहतो, आणि शेवटच्या क्षणी खाली पडणारा स्प्लिटर सरळ सोडून देतो. मग तो स्प्लिटर "बॉल" ठरतो आणि वॉक वाढत जातात. मे महिन्यात खांद्याच्या दुखण्याने तो बाहेर गेला तेव्हा ८ मॅचमध्ये ईआरए ४.७२ होता, म्हणजे दर नऊ इनिंगमागे जवळजवळ पाच रन. झालं! आम्ही म्हणालो, बघा, आम्ही म्हणत होतो ना.

यावर लोकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "पैसे घेतलेत ना? मग?" अहो, किती घेतलेत ते तरी बघा. पंचविशीच्या आत आल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला ६५ लाख डॉलर बोनस मिळाला. यामामोतो वयाच्या पंचविसाव्या वर्षी आला, त्याचा करार ३२.५ कोटींचा. दोन वर्षं थांबला असता तर सासाकीलाही फार मोठी रक्कम मिळू शकली असती. लवकर आला, शिकायला आला, आणि आम्ही त्याच्याकडे पावती मागतोय.

दुसरं उत्तर: "शिकायला मायनर लीग आहे की!" हे अर्धं बरोबर आहे. पण मायनर लीगमधला बॅटर तोच स्प्लिटर मारायला जातो आणि फसतो. तो सोडून देणारे बॅटर जास्त करून वरच भेटतात. जो पेपर फक्त वर्गातच मिळतो तो घरी बसून कसा सोडवणार?

तिसरं उत्तर मात्र खरोखर वजनदार आहे. मी लगेच ग्रेग मॅडक्सचं नाव घेतो. १९८७ मध्ये कब्जसाठी ६ जिंकल्या, १४ हरल्या, ईआरए ५.६१. पुढच्या वर्षी १८-८ आणि शेवटी ३५५ विजय. किंवा डॉजर्सचाच सँडी कूफॅक्स. पहिल्या सहा सीझनमध्ये ३६-४०, पुढच्या सहामध्ये १२९-४७. तर समोरचा म्हणतो, "तू फक्त वाचलेल्यांची नावं घेतोस. जे बुडाले त्यांचं काय?"

बरोबर! अगदी बरोबर. बुडालेले खूप आहेत. पण १९८७ च्या उन्हाळ्यात मॅडक्सचे आकडे आणि एखाद्या बुडणाऱ्याचे आकडे शेजारी ठेवले असते, तर तुम्हाला ओळखू आलं असतं का? मलाही नाही. म्हणजेच त्या आकड्यांत उत्तर नव्हतं. मग त्यांच्या जोरावर निकाल कसला देता?

आणि "धीर धरा" एवढं म्हणूनही भागत नाही. रॉय हॅलडेचा २००० सालचा ईआरए १०.६४ होता. टोरांटोने नुसता धीर धरला असता तर तो तसाच मार खात राहिला असता. त्यांनी २००१ मध्ये त्याला पार खाली, ए लीगमध्ये पाठवलं. मेल क्वीन या कोचने त्याचा हात खाली आणला, बॉल सुटायची जागा बदलली. २००३ मध्ये साय यंग, २०१० मध्ये पुन्हा साय यंग आणि परफेक्ट गेमही. तिथे कोणीतरी "का" विचारलं होतं, इतकंच.

सासाकीच्या बाबतीतही तेच घडलं. दुखण्याच्या काळात डिलिव्हरीवर काम झालं, सप्टेंबरमध्ये वेग परत आला आणि तो रिलीव्हर म्हणून उतरला. ९ ऑक्टोबर २०२५ ला फिलीजविरुद्ध आठवी, नववी, दहावी इनिंग, नऊ बॅटर, नऊ आउट. यावरून तो मोठा स्टार्टर होईल असं सिद्ध होत नाही. तसं म्हणालो तर मार्चमधलीच चूक उलट्या बाजूने करेन. सिद्ध होतं ते एवढंच, की मार्चमध्ये मला काहीही माहीत नव्हतं.

ऑफिसमध्ये नवीन मुलाच्या पहिल्या बगवर आपण म्हणतो, "लॉग बघू आधी." मैदानातल्या तेवीस वर्षांच्या मुलाला मात्र लॉग न बघताच डिलीट करतो.

असो. पुढच्या वेळी कुठल्याही रुकीने तिसऱ्या इनिंगमध्ये मार खाल्ला तर बू जरूर करा, तिकिटाचे पैसे तुमचे आहेत. फक्त निकाल देऊ नका. आणि मी सोफ्यावरून दिलाच, तर मला हा लेख दाखवा :)